एका नगातलं मीठ

आमच्या घरात कुणीतरी चोरून मीठ खात होतं, आणि ते बाबाच, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. हे एका वाक्यात लिहून टाकलं की मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. तेव्हा सगळंच सांगते.

बाबा कुलूप-किल्लीवाले. बसथांब्यामागे, चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या फटीत त्यांचं दुकान. दुकान म्हणायचं ते आपलं मानाने. आत माणूस वळला की कोपर किल्ली घासायच्या मशीनला लागायचं. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, खाली जुन्या कुलपांचा ढीग, आणि एका कापडी पिशवीत वाकवलेल्या तारांचा जुडगा. त्या तारांनी बाबांनी चाळीस वर्षांत आसपासची निम्मी दारं उघडली असतील. किल्ली आत राहिली, किल्ली मोडली, सासूने किल्ली कुठे ठेवली ते सांगायच्या आत सासूच गेली. कारणं हजार, माणूस एकच. लोक दार उघडून घ्यायचे आणि बाबांना घरात एकटं सोडून खाली दूध आणायला जायचे. एक बाई तर परगावी जाताना घराच्या सगळ्या किल्ल्या बाबांकडे ठेवून गेली होती, सख्खा दीर शेजारी राहत असताना. बाबा म्हणायचे, "मी चोर झालो असतो तर आज आपला बंगला असता." आई म्हणायची, "आणि मी डबा घेऊन तुरुंगाच्या दारात उभी असते."

खोड एकच होती. मीठ. चव न बघता ताटावर मीठ घेणारा माणूस. कलिंगडावर मीठ, काकडीवर मीठ, उकडलेल्या अंड्यावर तर अंडं दिसेनासं होईपर्यंत. आई ओरडली की म्हणायचे, "अळणी खायला मी काय आजारी आहे?"

आता मावशी. आईची थोरली बहीण, आमच्याच जिन्यात वरच्या मजल्यावर एका खोलीत एकटी राहणारी, जिभेने तिखट, हाताने नेटकी. दोन गल्ल्या पलीकडच्या बेकरीत ती बावीस वर्षं चीज पफचं सारण करत होती. ते चीज पांढरं, ठोकळ्यांचं. टिकावं म्हणून खाऱ्या पाण्यात बुडवून डब्यांतून येतं. तसंच्या तसं तोंडात टाकलं तर जीभ आत ओढली जाते. म्हणून ते साध्या पाण्यात भिजवायचं आणि पाणी बदलत राहायचं. मावशीचा नियम चार पाण्यांचा. पहिलं दुपारी, दुसरं बेकरी बंद होताना, तिसरं सकाळी आल्या आल्या, चौथं त्यानंतर तासाभराने. मग फळीखाली दाबून निथळवायचं, हाताने कुस्करायचं, त्यात मिरपूड, अंडं, थोडा चिरलेला पाला घालायचा, आणि मैद्याच्या पापुद्र्यात भरून चौकोनी घडी घालायची. चौथं पाणी ती चाखून बघायची. पाण्याला पाण्याची चव आली की चीज तयार. बेकरीत तिचं नावच 'चार-पाणी' पडलं होतं, आणि हाक मारली की ती ओ द्यायची.

मग डब्यावर अन्नघटक छापायचा नियम आला. मालकाने बारा पफ प्रयोगशाळेत पाठवले आणि तिथून आलेला तक्ता डब्याच्या तळाला छापून घेतला. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. समोरच्याला बारीक अक्षरं वाचायला लावणं हा माझा धंदा, आणि बारीक अक्षरं वाचण्यात माझा हात कोणी धरणार नाही. तेव्हा घरात तो तक्ता पहिल्यांदा मोठ्याने वाचला तो मीच. एका नगात, म्हणजे एका पफात, ऊर्जा तीनशे सत्तर किलोकॅलरी. मेद चोवीस ग्रॅम. कर्बोदकं सव्वीस. प्रथिनं बारा. मीठ शून्य पॉइंट सात.

"तीनशे सत्तर!" आई म्हणाली. "एवढ्यावर तर मी अख्खा जिना दोनदा झाडीन."

मावशीने डबा माझ्या हातून घेतला. "मेद लोण्याचा, कर्बोदकं मैद्याची," ती म्हणाली. "मिठाचा आकडा तेवढा माझा."

ते खरंच होतं. पापुद्र्यात मीठ घालतच नसत. पफात जे काही मीठ असे, ते तिच्या चीजमध्ये चार पाण्यांनंतर उरलेलं. तिने तो तक्ता कात्रीने कापून आपल्या खोलीत आरशाशेजारी चिकटवला. बावीस वर्षांत तिच्या हातचं काही छापून आलेलं ते पहिलंच.

पुढे दोन वर्षांनी बाबांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी कागदावर एक पिशवीसारखं काहीतरी काढून समजावलं की पंप कमजोर झालाय, मीठ पोटात गेलं की अंगात पाणी अडतं, मग पाय सुजतात, मग दम लागतो. दिवसाला सगळं मिळून तीन ग्रॅम मीठ. रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं, आणि तीन दिवसांत दोन किलो वाढले तर दवाखाना गाठायचा. आईने त्याच दिवसापासून स्वयंपाकात मीठ घालणं बंद केलं. आपल्याही ताटात घेतलं नाही. बाबा निमूट जेवायचे. फक्त पहिल्या आठवड्यात एकदा, शाळेतल्या पोराने परवानगी मागावी तसं त्यांनी विचारलं, "ताईंचा पफ?"

मी डबा उलटा केला. दोन पफ म्हणजे एक पॉइंट चार. बाकीचं सगळं अळणी, ब्रेडमधलं आणि दुधातलं धरूनसुद्धा बसत होतं. डॉक्टरांनी स्वतः डबा बघितला. "लेबल वाचून खाताय ना? मग खा," म्हणाले. तेव्हापासून सकाळच्या चहाबरोबर एक, संध्याकाळच्या चहाबरोबर एक. आधी कडेचे पापुद्रे, मग बोटांना लागलेला चुरा, मग मधला भाग, असा तो पफ बाबा खायचे, आणि बघणाऱ्याला भूक लागायची. दिवसभराच्या त्या सपक जेवणात त्यांना सुख म्हणून एवढंच होतं.

यापुढचं मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे आम्ही काय करत होतो ते तुम्हाला नीट दिसेल.

मावशीची मनगटं गेली होती. भरलेलं पातेलं उचलायचं, ओतायचं, परत भरायचं, दिवसाला चाळीस किलो चीज, आणि सगळा वेळ हात थंडगार पाण्यात. बोटं मिटेनाशी झाली. तिने आधी चौथं पाणी सोडलं. कुणाला कळलं नाही. मग तिसरं सोडलं. शेवटी दुपारी घातलेलं एकच पाणी, ते दुसऱ्या सकाळपर्यंत तसंच. आणि गंमत अशी की गिऱ्हाइकांना पफ जास्त आवडायला लागला. मिठाने चव खुलते, त्याला कोण काय करणार! खप वाढला. मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, या वयात तुमच्या हाताला चव आली." मावशी मान खाली घालून हसली. "मनगट दुखतं हे तोवर सांगता आलं असतं," ती मला नंतर म्हणाली. "शाबासकी घेतल्यावर कुठल्या तोंडाने सांगू?"

तक्ता मात्र तोच राहिला. शून्य पॉइंट सात.

बाबांना कळलं होतं. अळणी खाणाऱ्याची जीभ फार हुशार होते. एका सकाळी ते म्हणाले, "ताई, अलीकडे सारण जरा खारट लागतं का हो?"

मावशी समोरच बसली होती. "तुमची जीभ बिघडलीय भावोजी," ती फटकन म्हणाली. "अळणी खाऊन खाऊन आता तुम्हाला नळाचं पाणीसुद्धा खारट लागेल."

आम्ही सगळे हसलो. बाबाही हसले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

पुढच्या महिन्यात काटा चढायला लागला. एक किलो, दीड, अडीच. मोज्यांची रबरी कड पायात रुतून बसायची आणि मोजा काढल्यावरही तिथे खाच राहायची. डॉक्टरांनी गोळी वाढवली, आणि आम्हा मायलेकींना बाजूला घेऊन म्हणाले, "कुठून तरी मीठ जातंय. घरात बघा."

घरात बघा! आम्हाला काय, कुणी सांगायचाच अवकाश. आईने मिठाची बरणी, माझे खारे शेंगदाणे, पाहुण्यांसाठी ठेवलेली बिस्किटं, सगळं स्वयंपाकघरातल्या लोखंडी कपाटात कोंबलं आणि बाबांनाच म्हणाली, "अहो, एक चांगलं कुलूप आणा." बाबांनी दुकानातलं सगळ्यात अवघड पितळी कुलूप आणलं, स्वतःच्या हाताने कपाटाला लावलं आणि दोन्ही किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या. "तिसरी नाही," ते म्हणाले.

आठ दिवसांनी वजन आणखी दीड किलोने वर.

आता तुम्हीच सांगा, कुलूप लावूनही मीठ जातंय आणि घरात एक कुलूपवाला आहे, तर माणसाचं मन कुठे जाणार? आमचं तिथेच गेलं. दुसरीकडे कुठे जाता येतं हे आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. बाबा आंघोळीला गेले असताना मी त्यांच्या कोटाचे खिसे उलटे केले. निघालं काय, तर बसचं तिकीट, रुमाल आणि पफचा चुरा. चुऱ्याकडे मी ढुंकूनही बघितलं नाही. त्यातलं मीठ किती ते डब्यावर छापलेलं होतं, आणि मला पाठ होतं. छापलेल्यावर माझा विश्वास होता. बापावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी नेहमीसारखी डबा घेऊन आली. चहा झाला होता. बाबा पाय स्टुलावर ठेवून बसले होते, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे. आईचा संयम त्या पायांकडे बघूनच सुटला असावा.

"खाई त्याला खवखवे म्हणतात," ती म्हणाली. "तुम्ही काही बोलत का नाही?"

"काय बोलू? मी खात नाही."

"मग हे पाय?"

"पायांना विचार," बाबा म्हणाले. त्यांनी विनोद करून बघितला. कुणी हसलं नाही.

"जित्याची खोड..." मावशीने सुरुवात केली आणि तिथेच थांबली, कारण पुढचा शब्द आजारी माणसासमोर उच्चारायचा नव्हता. तिने कपात तोंड घातलं.

मग मी विचारलं, "बाबा, ते कुलूप तुम्हीच उघडता ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. भलत्याच घरातली मुलगी चुकून इथे येऊन बसलीय, असं काहीसं. "मी लोकांची दारं उघडतो," ते म्हणाले, "ती लोक मला उघडायला सांगतात म्हणून."

"ते बाहेर झालं," मी म्हणाले. "घरातलं बोला."

हे शब्द माझे आहेत. ते कुणी माझ्या तोंडात घातले नव्हते. पायांवर सूज घेऊन बसलेल्या बापाला, ज्याने उभ्या जन्मात परक्याची टाचणी उचलली नाही त्याला, मी हे म्हणाले. आणि वर मला वाटत होतं की मी त्याच्या भल्याचं बोलतेय.

बाबा उठले. भिंतीला धरत आत गेले, कापडी पिशवी घेऊन आले, त्यातला तारांचा जुडगा काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "हे तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "मग तर झालं?"

मी ठेवून घेतलं. नको म्हणायचं एवढंच करायचं होतं, तेही मला जमलं नाही. आई खिडकीकडे बघत बसली. मावशीच्या पुढ्यात डबा उघडा होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, "घ्या भावोजी, गार होतोय," आणि तिने स्वतः त्यांच्या हातात पफ दिला. बाबांनी तो घेतला आणि खाल्ला.

नंतरचे अकरा दिवस बाबा दुकानात नुसत्या किल्ल्या घासत बसले. दार उघडायला बोलावणारे यायचे, त्यांना "तारा नाहीत" म्हणून परत पाठवायचे. एका बाईचं कुलूप शेवटी हातोडीने फोडावं लागलं म्हणे. झेरॉक्सवाल्याने मला थांबवून विचारलं, "काकांच्या तारा हरवल्या काय गं?" मी म्हटलं, "हो, तसंच काहीतरी." तेव्हा मावशीला नावं ठेवायला मी काही मोकळी नाही.

बाराव्या दिवशी बाबांना जिना चढवेना. पहिल्याच वळणावर बसले आणि माशासारखं तोंड उघडून श्वास घ्यायला लागले. आम्ही त्यांना रुग्णालयात नेलं. तिथे पाच दिवसांत नुसत्या सुया आणि तिथल्या बेचव जेवणावर त्यांच्या अंगातलं सहा किलो पाणी गेलं. पाय पुन्हा पायांसारखे दिसायला लागले. आई म्हणाली, "बघ, इथे चोरायला मिळत नाही ना." ती हे मला हळूच म्हणाली, पण पडद्याच्या पलीकडे बाबा जागे होते.

घरी सोडायच्या दिवशी आहारवाल्या बाई आल्या. माझ्याच वयाच्या, चष्म्याची डावी दांडी सैल, सारखा वर ढकलत होत्या. हातात फॉर्म. सकाळी उठल्यापासून काय काय खाता, तोंडात काय काय टाकता, सगळं विचारत गेल्या. बाबा एकेक सांगत गेले. मी आणि आई पलंगाच्या पायथ्याशी होतो. मावशी नुकतीच कामावरून आली होती, डबा छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती. घरी जाणाऱ्या माणसासाठी तिने आठवणीने आणला होता.

"मग हे मीठ येतं कुठून?" बाईंनी विचारलं.

"घरच्यांना वाटतं मी चोरून खातो," बाबा म्हणाले. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

मी फरशीकडे बघितलं. बाईंनी मावशीच्या हातातला डबा मागून घेतला, उलटा केला आणि भुवया वर नेल्या. "शून्य पॉइंट सात? एवढं चीज असून? जरा कमीच वाटतं. कधी कधी छापतात एक आणि आत..."

"ते नाही," बाबा म्हणाले. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "बाकी काहीही लिहा, त्यावर शंका नको. ते आमच्या ताईंच्या हातचं आहे. त्या चार पाणी देतात. चौथं चाखून बघतात. मध्ये मलाही खारट लागलं होतं, पण ती माझ्या जिभेची चूक. ताईंनी सांगितलं म्हणजे विषय संपला. त्या खोटं सांगणार नाहीत."

घरात ज्याच्या शब्दाला कुणी किंमत दिली नव्हती, तो माणूस उशीला टेकून दुसऱ्याच्या शब्दासाठी भांडत होता. बोलता बोलता त्यांना दम लागला.

"एकच," मावशी म्हणाली.

"काय एकच?" आईने विचारलं.

"पाणी. एकच पाणी देते मी. तीन महिने झाले."

बाई लिहायच्या थांबल्या. आईचं तोंड उघडं राहिलं, आणि मी बघत असताना तिच्या लक्षात एकेक गोष्ट येत गेली: कुलूप, दोन किल्ल्या, 'इथे चोरायला मिळत नाही'. माझ्याही लक्षात येत होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते मला तोवर नुसतं बोलायचं वाटायचं.

मावशी बोलत सुटली होती. हात, पातेलं, मालक, शाबासकी, सगळं एकातून एक. "तुम्ही खारट लागतं म्हणालात तेव्हा सांगायचं होतं मला," ती म्हणाली. "हिने तारा घेतल्या तेव्हा तरी सांगायचं होतं. मी बसून होते भावोजी. मी तिथेच बसून होते."

बाबा तिच्या हातांकडे बघत होते. बोटांची पेरं सुजून गाठीसारखी झाली होती. रोज समोर बसून आमच्यातल्या कुणाला ती दिसली नव्हती.

"मग सांगायचं होतं ना ताई," ते म्हणाले. "मी पातेल्याच्या तळाला नळ बसवून दिला असता. उचलावंच लागलं नसतं."

एवढंच ते तिला म्हणाले. आम्हा दोघींना काहीच म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मावशी मालकाकडे गेली. त्याने आधी कानावर हात ठेवले. "मावशी, लेबल वाचतो कोण?" म्हणाला. "आमचे भावोजी वाचतात," मावशी म्हणाली, "आणि त्याच भरवशावर खातात. असे आणखी कितीजण असतील, मोजलेत तुम्ही?" ती त्याच्या टेबलासमोरून हललीच नाही, तेव्हा त्याने पुन्हा पफ तपासायला पाठवले. एका नगात मीठ दोन ग्रॅमला थोडंसं कमी, एक पॉइंट नऊ. मालक हुशार. चव खपत होती म्हणून चव तीच ठेवली आणि आकडा बदलला. जुने डबे संपेपर्यंत त्यावर नवी चिकटपट्टी लावायची होती. मावशीने सारणाचं काम सोडलं आणि बांधणीच्या टेबलावर बसून ती चिकटपट्टी लावायचं काम मागून घेतलं. शून्य पॉइंट सातवर एक पॉइंट नऊ, दिवसाला चारशे वेळा. तिच्या आरशाशेजारचा तक्ताही गेला. भिंतीवर गोंदाचे चार डाग आहेत.

आईने कुलूप काढून टाकलं. माफी तिने मागितली नाही, तिला ती येतच नाही. ती सैल कडेचे सहा मोजे घेऊन आली आणि रोज स्वतः बाबांच्या पायांत चढवायला लागली. मी मात्र माफी मागितली. जुडगा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "बाबा, माझं चुकलं." बाबांनी तारा एकेक करून बघितल्या, पिशवीत घातल्या आणि विचारलं, "जेवलीस का?" मला वाटत होतं ते बोलतील, ओरडतील, निदान दोन दिवस अबोला धरतील. एखादी थोबाडीत बसली असती तर मी त्या दिवशी सुटले असते. त्यांनी मला सोडवलं नाही. ते नेहमीसारखे वागत राहिले, आणि आपलं सगळं निभावलं असं मी हळूहळू मनाशी धरून चालले.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी मी लवकर घरी आले, तर मावशी तिच्या दाराबाहेर पायरीवर बसलेली. अंगावर अजून बेकरीचा एप्रन. किल्ली कुलपात मोडली होती. तासभर ती तशीच बसून होती.

"बाबांना बोलावते," मी म्हटलं.

"नको गं. दुसरं कुणी बघ."

"दुसरं कोण आहे मावशी?"

मी फोन केला. बाबा लगेच निघाले. प्रत्येक वळणावर थांबत, श्वास घेत, पिशवी काखेत धरून वर आले. मावशीने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती बाजूला सरकली.

दार उघडताना बाबांचा एक नियम असायचा. कुणी बघायचं नाही. कुलपाला पाठीने झाकून उभे राहायचे आणि मालकाला म्हणायचे, "जरा तिकडे तोंड करा." कसब कुणी उचलू नये म्हणून. लोक मुकाट्याने तोंड फिरवायचे. मोठमोठे साहेब भिंतीकडे बघत उभे राहिलेले मी पाहिलेत. लहानपणी एकदा मी डोकावले तर मला टपली बसली होती. आताही मी सवयीने पाठ फिरवली.

"तिकडे नको," बाबा म्हणाले. "इकडे ये. ताई, तुम्हीही उठा. अशा जवळ या. माझे हात दिसतायत ना?"

"असं काय करता भावोजी?" मावशी म्हणाली. "माझ्याच दाराशी?"

"सगळ्यांच्याच दाराशी आता असंच करतो," ते म्हणाले. आवाज अगदी साधा. "नंतर कुणाच्या मनात काही यायला नको."

मावशी कठड्याला धरून उठली. आम्ही दोघी त्यांच्या खांद्याशी उभ्या राहिलो. आम्ही नीट बघतोय याची खात्री केल्यावरच त्यांनी पिशवीत हात घातला. मोडका तुकडा चिमट्याने काढला, एक तार घातली, दुसरी घातली, आणि खाकरायला लागतो तेवढ्या वेळात कुलूप उघडलं. एवढं सोपं होतं त्यांना. त्यांनी दार ढकललं आणि आत न बघता दोन पावलं मागे सरले.

"आत जाऊन बघून घ्या," ते म्हणाले. "सगळं जागेवर आहे ना."

"मला नाही बघायचं," मावशी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"बघा ना ताई. तुम्ही बघितल्याशिवाय मला जाता येत नाही."

मावशी आत गेली. त्या एवढ्याशा खोलीत काय आहे! एक पलंग, एक आरसा, कपड्यांची पेटी. तिने पेटी उघडली, बंद केली. "आहे," ती आतून म्हणाली. "सगळं आहे."

बाबा दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभे होते. "तूही बघ," ते मला म्हणाले.

मी आत गेले, बघितलं, आणि बाहेर येऊन "सगळं आहे बाबा" म्हणाले, तेव्हा कुठे त्यांनी पिशवी उचलली आणि ते जिना उतरायला लागले.